तांब्याचा वायसर

चर्चखालच्या उतारावर, नेमकं वळणातच, पिकअपने दोन आचके दिले आणि ती गप्प झाली.

हौद्यात इस्कूटची अकरा पोती. कालच मांडवाच्या वेलावरून उतरवलेली, भाजीची हिरवीगार फळं. ऐझॉलचा बाजार काही कुणासाठी थांबत नाही. सांगीने हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगडाची उटी लावली आणि बॉनेट वर केलं.

"डिझेल आहे ना?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने वळूनही पाहिलं नाही. "छे. भाताची पेज घातलीय."

"मग चढ नक्की चढेल. पचायला हलकी."

आता मात्र ती वळली. खांद्यावर बांबूची मोळी, केसांत धुक्याचे बारीक थेंब, आणि हसू दाबायचा अगदीच फसलेला प्रयत्न... रस्त्याच्या कामावर चार वर्षं डंपर दुरुस्त करून महिन्याभरापूर्वी गावात परतलेला बियाका हाच, हे तिने ओळखलं. रविवारी चर्चच्या गायनात मागच्या रांगेत उभा राहतो तो. आवाज खालचा आणि मान त्याहून खाली.

"बाजूला हो, मी बघतो."

"मोळी धर नीट, उ बियाका. गाडी माझी आहे, मीच बघते."

थोरल्या भावाला लावतात ते 'उ' तिने जरा जास्तच लांबवलं. तिने पाना घेतला, डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला केला आणि खाली रिकामी बाटली धरली. डिझेलऐवजी पाणी आलं. येतच राहिलं. अर्धी बाटली भरली.

सांगीचे कान तापले. तिचे पा, म्हणजे वडील, हयात असताना रोज सकाळी हे पाणी काढायचे. थंडीत टाकीला आतून घाम सुटतो, ते पाणी फिल्टरच्या बुडाशी साठतं. पा जाऊन आठ महिने झाले होते. तिने गाडी चालवली, धुतली, मिरवली, पण फिल्टरकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

बियाकाने बाटली उजेडात धरली, पाहिली आणि काहीही न बोलता ओतून दिली. ते न बोलणं तिला फार बरं वाटलं.

"मी डिझेलचा हातपंप दाबतो, तू सेल्फ मार," तो म्हणाला.

स्क्रू आवळताना आणि पंप दाबताना दोघांची बोटं एकदा एकमेकांना लागली. दोघांचीही काळी, दोघांचीही डिझेलने बुळबुळीत. इंजिन खोकलं, धुरकटलं आणि धडधडू लागलं. ती निघाली तेव्हा आरशात तो तिथेच उभा होता. मोळी खाली ठेवायचं तो विसरून गेला होता.

त्या दिवसापासून सांगीने नेमच धरला. पहाटेची प्रार्थना झाली की आधी फिल्टरचं पाणी, मग चहा. रविवारी कामाला हात लावायचा नाही, तेवढा एकच खाडा. आधी आठ महिने केलेली हयगय तिला कुणाला सांगायची नव्हती, म्हणून हा नेमही तिने कुणाला सांगितला नाही. पाणी रोज जेमतेम दोन थेंब निघायचं. पाहून तिला समाधान वाटायचं.

पण तीन आठवडे झाले आणि गाडीने भलतंच दुखणं काढलं. रात्रभर उभी राहिली की सकाळी उठायलाच तयार नाही! सेल्फ घरघरायचा, पांढरा धूर निघायचा, संपलं. शेजारचे लोक न बोलावता यायचे, धक्का मारायचे आणि आभार मानायच्या आत निघून जायचे. या डोंगरांत तशीच रीत आहे. मदत करावी आणि नाव सांगू नये. सांगितली की ती उणी होते.

गुरुवारी ऐझॉलहून थोरल्या भावाचा फोन आला.

"शनिवारी सकाळी गिऱ्हाईक घेऊन येतो," उ रुआता म्हणाला. "धक्क्याशिवाय चालू झाली तर ठेव. नाही झाली तर विकायची. आणि मग तू माझ्या कापडाच्या दुकानात ये. पंख्याखाली बसायचं, हात स्वच्छ."

"मला हात काळेच बरे वाटतात."

"शनिवारी बघू."

फोन ठेवला आणि सांगीला इस्कूटचा मांडव, दरीतलं धुकं, चर्चची घंटा सगळं एकदमच लांब गेल्यासारखं वाटलं. आणि घंटेपाशी मागच्या रांगेतली ती खाली घातलेली मानही... छे! त्या मानेचा इथे काय संबंध?

संध्याकाळी बियाका पान्यांची पिशवी घेऊन आला. त्याला कुणी सांगितलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

"बॅटरी पाहिली?"

"पाहिली. चांगली आहे."

"हीटर प्लग?"

"चारही काढले. लालभडक होतात. मी काय नुसतं स्टिअरिंग फिरवते असं वाटतं तुला?"

"नाही..." तो गोंधळला. "मला वाटतं की तू... म्हणजे, उत्तम काढलेस प्लग."

आतून सांगीच्या आईने, नूने, गूळ घातलेला काळा चहा पाठवला. शुक्रवारी दोघांनी वडिलांच्या जुन्या युक्तीने फिल्टरपुढे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन चालू केलं आणि नळीत बारीक बारीक बुडबुडे पळताना दिसले.

"हवा धरतेय," सांगी पुटपुटली.

"फिल्टरपाशीच कुठेतरी. रात्रभरात डिझेल मागे उतरतं, म्हणून सकाळी कोरडी."

दोघंही नळीवर वाकलेले. तिच्या केसांची बट त्याच्या कानाला लागत होती आणि कुणीच मागे सरत नव्हतं. तेवढ्यात गायनाच्या सरावाची घंटा झाली. "उद्या उजाडल्यावर शोधू," तो म्हणाला आणि घाईने निघाला. इतक्या घाईने, की सांगीला जरा रागच आला. मुलगी मनात भरली की इथला तरुण संध्याकाळी तिच्या घरी नुसता बसायला येतो; हा पाने घेऊन आला होता. विधवांच्या घरची कामं तरुणांनी करायचीच असतात. तसंच हेही उरकतोय का हा?

शनिवारी ती नेहमीपेक्षा तासभर लवकर उठली. देवाला एवढंच म्हणाली, "गाडी राहू दे." थोडं थांबून म्हणाली, "बाकीचं तुला ठाऊकच आहे." आणि अंगणात आली.

बॉनेट उघडं होतं.

धुक्यात एक पाठ वाकलेली. एका हातात पाना, दुसऱ्या हातात बाटली. फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून तो तोंडातल्या तोंडात भक्तिगीत गुणगुणत होता.

"काय करतोयस?"

बियाका इतका दचकला की डोकं बॉनेटवर आपटलं. "मी... इकडून चाललो होतो."

"पाना घेऊन?"

त्याने पाना पाठीमागे लपवला.

"रोज चालतोस का इकडून?"

तो बाटलीतले थेंब निरखू लागला. केलेली मदत कबूल करायची नाही, हे आईच्या दुधाबरोबर प्यायलेला माणूस तो. सांगी जवळ आली.

"त्या दिवशी गाडी बंद पडली, तेव्हापासून?"

मान किंचित हलली. "तुला इतर कामं असतात. मला वाटलं, फिल्टरचं पाणी कोण काढणार... पण दोन थेंबांच्या वर कधी निघालंच नाही."

"निघेल कसं? तुझ्यानंतर तासाभराने मीही काढते! रोज!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांची नजर एकदमच स्क्रूकडे गेली. सांगीने तो पूर्ण काढून तळहातावर घेतला. त्याच्या गळ्यातला तांब्याचा वायसर रोज दोन-दोनदा आवळून दगडासारखा टणक आणि एका कडेला चपटा झाला होता. तिथूनच हवा शिरत होती.

"एकाने काढलं असतं तर वर्षभर टिकला असता," बियाका हताशपणे म्हणाला.

सांगीला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, म्हणून तिने घाईने पुढचा प्रश्न विचारला. "गावात अठरा गाड्या आहेत. त्यांचंही पाणी काढतोस?"

"त्यांचं... त्यांचं ते काढतात."

"वरच्या आळीच्या पी चोईचीही गाडी आहे. तीही विधवा."

"हो."

"तिचं?"

"नाही." कान लाल. "फक्त इथलंच."

"का, बियाका?"

'उ' गळलेलं त्याच्या लक्षात आलं. पाना त्याने या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा या हातात आणला. "तुझी गाडी उतारावर चालू झाली ना... त्यानंतर मी तासभर मोळी खाली ठेवायचंच विसरलो होतो," तो म्हणाला. "म्हणून."

सांगीने वायसर मुठीत घट्ट धरला. मग ती म्हणाली, "चल. वायसर मऊ करायला हवा. नवा आणायला वेळ नाही."

चुलीपाशी नू बसली होती. समोर तीन कप. सांगीने चिमट्यात धरून वायसर निखाऱ्यांत ठेवला. तो लाल झाला तसा पाण्यात सोडला. चर्रर्र! तांबं असं तापवून विझवलं की पुन्हा नरम होतं, बसेल तिथे बसतं.

"सापडलं का दुखणं?" नूने विचारलं.

"सापडलं. आम्ही दोघंही रोज—"

"ते ठाऊक आहे. आधी एक येतो, मग एक जाते. महिनाभर ऐकतेय." तिने शांतपणे चहा ओतला. "मला वाटलं, तुमचं ठरलेलंच आहे."

बियाकाने कप खाली ठेवला. "पी थांगी," वडीलधाऱ्या बाईला लावतात ते 'पी' लावून तो नूला म्हणाला, "मी संध्याकाळी बसायला येणार होतो. रीतसर. पण सांगी नाही म्हणाली असती तर... मग पहाटेचंही येणं गेलं असतं."

"मला काय विचारतोस? ती तिथे बसलीय."

सांगी वायसर पाण्यातून काढून फडक्याने पुसत होती. फारच वेळ पुसत होती. "रोज एकानेच उघडायचा," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्याने नुसतं शेजारी उभं राहायचं. जमेल?"

"कुणी उघडायचा?"

"गाडी माझी आहे."

"मग मी उभा राहतो," बियाका म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने मान खाली घातली नाही.

वायसर बसवला, पंप दाबला, हवा काढली. मग थंड इंजिनला मुद्दाम तसंच उभं ठेवलं. साडेसातला वळणावर हॉर्न वाजला. उ रुआता उतरला, त्याच्यामागे गिऱ्हाईक. सांगीने किल्ली फिरवली. हीटरचा दिवा विझेपर्यंत ती थांबली. मग सेल्फ. एक घरघर, दुसरी... आणि इंजिन असं उठलं की जणू झोपलंच नव्हतं. नळीत एकही बुडबुडा नाही.

गिऱ्हाइकाने खांदे उडवले. उ रुआता गाडीकडे बघत राहिला. मग बहिणीच्या काळ्या हातांकडे, आणि मग ओसरीवर चहाचा कप धरून उभ्या असलेल्या बियाकाकडे.

"हा कोण? मेकॅनिक?"

"नाही," नू आतून म्हणाली. "बसायला आलाय."

"सकाळी साडेसातला?"

"पाचला आलाय. तूही ये आत, चहा होतोय."