मूठ नसलेलं दार

आमच्या मनोरुग्णालयातल्या दारांना मूठ नसते. ती नर्सच्या खिशात असते. दारात खुपसायची, फिरवायची, काढून घ्यायची. डॉक्टर मेदेर मला पहिल्यांदा दिसला तो दोन दारांमधल्या बोळात... पावसानं भिजलेला, अडकलेला.

"मूठ विसरलात, डॉक्टर?"

"अजून दिलीच नाही. तुमच्या मागोमाग शिरलो."

"मग आता माझ्याच मागे राहावं लागेल."

"किती दिवस?"

मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि दार उघडलं.

आल्या आल्या त्यानं पेशंटना पलंगाला बांधायच्या पट्ट्या गोळा केल्या. म्हणाला, कुणी बिथरलं तर शेजारी बसायचं, हात धरायचा.

"आमचा कोण धरणार, डॉक्टर?" गुलाय-एजेनं विचारलं. आमच्यातली सगळ्यात जुनी नर्स ती; एजे म्हणजे थोरली ताई.

तो हसला, आणि पाहिलं मात्र माझ्याकडे.

सोमवारी आणि गुरुवारी माझा रोजा. दिवस मावळताना तो चहा आणि सुके जर्दाळू घेऊन खिडकीशी थांबायचा.

"रोजा तुझा, भूक मला का लागते गं?"

"पुण्य मात्र माझंच हं."

"अर्धं दे की."

"ते घरच्या माणसानं मागायचं असतं," मी बोलून गेले... आणि घाईनं दुसरा जर्दाळू तोंडात टाकला.

त्या वसंतात म्हाताऱ्या पेशंट बातमा-आपा कित्येक वर्षांनी अंगणात बसल्या. पावसात तळहात धरून.

मग गुलाय-एजेची पाठ कायमची धरली, ती घरी बसली. दुसरी नर्स मॉस्कोला कमवायला गेली. त्यांच्या जागी कुणीच आलं नाही. मेदेर मोठ्या साहेबांसमोर उभा राहून बोलला. पेशंटचा हक्क आणि नर्सची झोप या काही दोन गोष्टी नाहीत, म्हणाला. साहेबांनी शांतपणे त्याची मूठ मागून घेतली; नोकरी गेली.

तो गुरुवार होता. वॉर्डात मी एकटी. आपा भिंतीवर डोकं आपटत होत्या, पलीकडे दोघी एकमेकींच्या केसांना झोंबलेल्या. मी चादर फाडली. बिस्मिल्ला म्हणत आपांचे हात पलंगाला बांधले.

साहेबांकडून निघून, शेवटचा चहा घेऊन मेदेरनं दार वाजवलं. मी उघडलं तेव्हा गाठी तशाच होत्या. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसून सोडवू लागला. वेळ लागला त्याला. माझी गाठ पक्की असते.

"चल माझ्याबरोबर, सैकाल. ओश शहरात आई आहे माझी. लग्न करू."

"आणि आपांजवळ कोण?"

"येईल कुणीतरी..."

"कोण?"

त्यानं फाटक्या चादरीची घडी घातली. खोटं बोलता येत नव्हतं त्याला. तेच तर आवडायचं मला.

त्याच्याकडे मूठ नव्हती, म्हणून पोचवायला मलाच जावं लागलं. पुन्हा तोच बोळ, बाहेर पाऊस.

"किती दिवस मागे राहायचं, ते तू सांगितलंच नाहीस," तो म्हणाला.

"मी मनात कायमचं धरलं होतं."

त्यानं माझा हात धरला — जसा पेशंटचा धरायला शिकवला होता तसा, घट्ट नाही, पण सुटणारही नाही असा. मग मीच सोडवून घेतला. मूठ फिरवली. तो गेला.

रोजा सोडायची वेळ केव्हाच टळली होती. आत आले. चहावर साय धरली होती. पलंगावर आपा शहाण्या मुलीसारख्या बसल्या होत्या... दोन्ही मनगटं जोडून माझ्यापुढे धरलेली.