लेबलावरची दोन नावं

“मॅडम, कप पेरून चहा उगवत नसतो!”

देवगाव रंगारीच्या त्या बांधावर मी गुडघे टेकून प्लास्टिकचे कप जमिनीत पुरत होते. वर पाहिलं, तर शेताचा मालक... शिवम. वैतागायचं सोडून हसत होता. मग मीच वैतागले.

“आत किडे पडावेत म्हणून पुरलेत. काळे भुंगेरे. यांच्यावर फारसं कुणी कामच केलेलं नाही.”

“कुणीच पाहत नाय त्यांच्याकडं?”

“मी पाहते ना.”

“मंग लई नशीबवान हायेत लेकाचे...”

मी मान खाली घातली, पण कान तापले होते. त्यानंतर दर शनिवारी संभाजीनगरहून एसटीनं जायचे. कप तपासायला तासभर पुरतो. आम्हाला अख्खी दुपार पुरेना. एकदा त्यानं दगड उलटून एक भुंगेरा माझ्या तळहातावर ठेवला. पाठीवर खडबडीत रेघा – असा मी कधीच पाहिला नव्हता. बोटं मात्र त्यानं जरा उशिराच काढून घेतली. त्या दिवशी मी प्रेमात पडले, सरळच सांगते.

“हा नवीनच दिसतोय, पेपर लिही,” माझ्या पीएचडीच्या गाइड म्हणाल्या. किड्यांच्या अभ्यासात पद्धत आहे, किडा टाचणीवर टोचायचा आणि त्याच टाचणीला खाली लेबल लावायचं: ठिकाण, तारीख, शोधणाऱ्यांची नावं. मी हौसेनं दोघांची लिहिली आणि शिवमला फोटो पाठवला.

शनिवारी तो बांधावर नव्हता, स्टँडवरच उभा होता.

“करुणा, माझं नाव काढ त्याच्यातून.”

“का?”

“काकानं फोटो पाहिला. तुझं आडनाव वाचलं... ‘ती परत बांधावर दिसली तर बघतोच’ म्हणला.”

“आणि तू काय म्हणालास?”

तो एसटीची पाटी वाचत राहिला.

“म्हणलो... वळखत नाय मी तिला.”

मला आधी राग आला, रडू नंतर.

“खोटं लेबल मी लावत नाही, शिवम. तो तुलाच सापडलाय.”

“एका किड्यापायी इतकं—”

“किड्यापायी नाही रे.”

त्याच एसटीनं मी परत फिरले. कप तिथंच राहिले.

वर्षभरानं पेपर छापून आला. लेबल जसंच्या तसं... देवगाव रंगारी, तारीख, करुणा साळवे, शिवम काकडे. ही दोन नावं मला लग्नपत्रिकेवर हवी होती.