गप्प यादी

बस. चहा निवायच्या आत सांगून होईल.

त्या दुपारी मी प्रसूतिगृहाच्या तळघरात रोजच्या कामाला बसले होते. बाळांच्या औषधाचं माप काढणारा आमचा प्रोग्राम पीएचपी नावाच्या संगणकभाषेत लिहिलेला. त्यातल्या चुका दुसरा एक प्रोग्राम, तपासनीस, शोधतो. तो काही चालवून बघत नाही, नुसतं लिहिलेलं वाचतो. बाहेर हिमवादळ, तीनलाच अंधारलेलं. कोळशाच्या धुराचा वास पायऱ्यांवरून खाली उतरत होता. पडद्यावर तपासनिसाची तक्रार उमटली:

ओळ १८८. वजन: आकडा हवा, मजकूर येतोय.

"ती जुनी तक्रार, अपा," तालाय म्हणाला. आमचा साहेब, कॉलेजात शिकलेला; पण वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे सगळे अपाच म्हणतात. "गप्प यादीत टाकलीय मी."

जुन्या तक्रारी त्या यादीत टाकल्या की तपासनीस त्यांवर तोंड उघडत नाही. चारशे बारा टाकल्या होत्या शहाण्याने.

"मग आज उघडलं कसं?"

"तुम्हाला घाबरला असेल! पुन्हा चालवा."

चालवलं. संगणकाचा पंखा थांबला... खोलीत काहीच वाजेना.

ओळ १८८. वजन: आकडा हवा, मजकूर येतोय: "०,९".

"अपा... ह्याला वजन कुठून कळलं? हा तर फक्त लिहिलेला प्रोग्राम वाचतो..."

मला वेगळीच धडकी भरली. आम्ही दशांशाला स्वल्पविराम देतो, आणि पीएचपी त्या स्वल्पविरामाशीच थांबतं, पुढचा आकडा सोडून देतं. मोठ्या बाळांना औषध थोडं कमी पडलं तर कळत नसे. पण किलोच्या आतलं बाळ त्याच्या लेखी शून्य किलोचं. औषधही शून्य.

या गुडघ्यांनी तीन मजले चढले. नर्स बुरुल्चा काचपेटीपाशी उभी होती. आत मुठीएवढं बाळ. नुकतंच जन्मलेलं, निळसर.

"वजन?"

"शून्य स्वल्पविराम नऊ... श्वास अडकतोय, अपा, पण यंत्र म्हणतंय औषधाची गरज नाही..."

"यंत्राला चुलीत घाल! माप हाताने काढ!"

तिने काढलं, औषध दिलं. आम्ही दोघी त्या छातीकडे बघत राहिलो. हलली. पुन्हा हलली.

"मुलगी आहे?"

"मुलगी."

"मग जगेल."

जगली. आता चालते, माझा चष्मा ओढते.

गप्प यादी मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली. तालाय कुरकुरला, मग चुका दुरुस्त करायला शेजारी येऊन बसला. सगळं निस्तरायला दोन महिने लागले. शेवटच्या दिवशी तपासनिसाने एकही तक्रार केली नाही. तळाशी नेहमीचा हिशेब तेवढा दिला: वाचलेल्या फाइली २१२.

आमच्याकडे २११ आहेत. मी तीनदा मोजल्या.