चोविसावा बोंब्या

केबिन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोघांच्या कागदांची अदलाबदल झाली. सलोनीच्या हाती आला एक बोंबील... मिशा, कल्ले आणि चाळीसएक रेघा. ती फोनवर एकमेकांना पाठवायचे स्टिकर बनवणाऱ्या कंपनीत चित्रं तपासायची. जित्याची खोड, तिने लाल पेन काढून त्याच्या निम्म्या रेघा खोडल्यासुद्धा.

"ओ मॅडम, माझा मासा हाय तो," मागून कुणीतरी म्हणालं.

"होता. आता बरा दिसतोय."

उत्तनचा मेल्रॉय हसला. आईच्या सुक्या बोंबलांच्या पाकिटावर लोगो हवा, म्हणून त्याचा हा खटाटोप. शेवटी सलोनीने काटछाट केलेला बोंबीलच छापला गेला, त्याचं नाव पडलं बोंब्या. मग तिच्या कंपनीने त्याचे स्टिकर काढले. कुणीतरी त्याच्या वासलेल्या तोंडाखाली 'सोमवार आला' लिहिलं, आणि बोंब्या फोनाफोनांतून कुठच्या कुठे पोचला. मेल्रॉय नवे स्टिकर पाठवायचा, सलोनी तपासायची. दर खेपेला एखादी रेघ कमी. आधी मिशा गेल्या, मग कल्ले.

"उपाशी मारतेस तू त्याला," तो म्हणायचा.

"लोक ओळखतात तेवढंच ठेवायचं."

"आणि मला किती रेघांत ओळखशील?"

"तुला...?" ती त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघायची. "नाक पुरे."

अशी चेष्टामस्करी करता करता सलोनी त्याच्या प्रेमात पडली. पेणकरपाड्याच्या घरी, मूळच्या रायगडच्या आईबाबांना ख्रिस्ती जावई कसा पटवायचा, याची जुळवाजुळवही तिने मनात सुरू केली. फक्त त्याने विचारायचं बाकी होतं.

आणि मेल्रॉय एकाएकी तिच्या ऑफिसात यायचाच बंद झाला. फोनवरही कामापुरतं बोलायचा. तीन महिन्यांनी आला तो खाली बघतच.

"रविवारी चर्चमध्ये माझं नाव वाचलं. ट्रेसीबरोबर. लग्नाआधी तीन रविवार वाचतात ना, त्यातला पहिला."

सलोनीने हातातलं लाल पेन खाली ठेवलं. "मला एकदा विचारलंसुद्धा नाहीस?"

"विचारलेलं ना. तीन महिन्यांपूर्वी चोवीस स्टिकर पाठवले, त्यातला शेवटचा. बोंब्या शेपटीवर वाकून फूल देतोय — 'आयुष्यभर राहशील का?' तू लाल रंगात लिहिलंस, 'फारच रडका. हा नको.'"

तिला आठवलं. जेवणाच्या सुट्टीआधी चोवीसच्या चोवीस उरकायचे म्हणून तिने ते भराभर तपासले होते. तो आपल्यालाच विचारतोय, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"तोंडाने बोलायला काय झालं होतं तुला?"

"जमलं न्हाय. आपण दोघं बोलायचो ते बोंब्यातूनच ना..."

"मी हो म्हणाले असते, मेल्रॉय." ती एक पाऊल पुढे आली. "अजून... अजून दोन रविवार बाकी आहेत."

त्याने पहिल्यांदाच वर बघितलं.

"ट्रेसीने सरळ तोंडाने विचारलं गं. मीपण तोंडानेच हो बोललोय."

तो रिक्षा स्टँडकडे निघाला. सलोनीने त्याला हाक मारली नाही. ट्रेसीचं काहीच चुकलं नव्हतं, आणि सलोनीला सगळ्यात जास्त तेच लागलं.