एका रात्री एकच घाव

"ही ऐकीव गोष्ट नाही," रेशादकाका म्हणाले. "झुल्फो माझा शाळासोबती. त्यानं स्वतः मला सांगितलं, आणि शेवटचं तर मीच पाहिलं."

काका द्रिना नदीवर तीस वर्षं माशांचे राखणदार होते. नदीकाठच्या त्यांच्या खोपटात शेगडीभोवती आम्ही चौघं भाचरं बसलो होतो. कॉफी कधीच संपली होती.

चौदा जानेवारी दोन हजार एकोणीस, सोमवार. झुल्फोच्या मुलीच्या सासरचे दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच जेवायला येणार होते. ताटात म्लादित्सा हवाच. हा सामनच्या घराण्यातला मासा, वाढला की माणसाच्या छातीइतका लांब होतो. धावतं पाणी डोहाच्या टोकाला जिथं मंदावतं, तिथं तो कडक थंडीत, बर्फ पडण्याआधीच्या तिन्हीसांजेला गळाला लागतो. झुल्फोनं तीन संध्याकाळी गळ टाकला. काही नाही.

"व्याह्यांना डब्यातले सार्डिन वाढ," धाकटा भाऊ चामिल म्हणाला. "सांग, आमच्या नदीत हल्ली हेच पोहतात."

"तोंड आवर, आणि माळ्यावरून बाबांचा भाला काढ."

"रेशादनं पकडलं तर?"

"रेशाद आठलाच घोरायला लागतो."

"खोटं नव्हतं ते," काका म्हणाले.

भाल्यानं मारायला बंदी आहे. तरी जुन्या लोकांचा भाल्याचा एक नियम होता. एका रात्री एकच घाव. चुकला तर बत्ती विझवायची आणि घर गाठायचं. का, ते कुणी सांगत नसे.

साडेअकराला होडी डोहात आली. मागच्या फळीवर चामिल, हातात गॅसबत्ती. पुढे झुल्फो, तीन दात्यांचा भाला उगारून. तळाशी लांब काळी पाठ दिसली. मासा दिसतो त्याच्या खाली असतो, म्हणून झुल्फोनं वीतभर खाली नेम धरला. भाला वाळूत रुतला.

"दादा, चल घरी."

"गप्प."

"दादा, बाबा काय सांगायचे..."

"बत्ती नीट धर म्हटलं ना!"

उजेड स्थिर झाला. मागून पुन्हा आवाज आला नाही.

दहा मिनिटांनी पाठ परत आली. संथ. अगदी जवळ. झुल्फोनं सगळा जीव लावून भाला हाणला. दाते हाडावर करकरले. पाणी लाल झालं. मासा प्रवाहाकडे खेचतो. हे वर येत होतं. त्यानं दांडा पिळला. आणखी दाबला. वल्हं उचलून डोक्यावर दोनदा हाणलं. मग ओढलं.

तपकिरी लोकरी कोट. फुटलेलं कपाळ.

चामिल.

तिन्ही दाते पाठीत. तोंडातून रक्ताचा बुडबुडा आला. "दा..." एवढंच.

चामिल इथं आहे. मग मागे...

उजेड अजून पडत होता. स्थिर.

झुल्फो वळला नाही. उजेड जवळ आला. होडी जराही डुचमळली नाही. कुणीतरी बत्ती त्याच्या खांद्यावरून पुढे धरली... भावाचा चेहरा त्याला नीट दिसावा म्हणून.

काकांनी शेगडी सारखी केली. शेगडीतलं लाकूड तडकलं, तशी मी केवढ्यानं दचकले. कुणी हसलं नाही.

"पहाटे सहाला मला तो काठावर सापडला. चामिलला मांडीवर घेऊन बसलेला. रक्त गोठून दोघांचे कपडे चिकटले होते. कोमट पाणी ओतून सोडवावे लागले. 'मीच मारलं,' एवढंच म्हणायचा. कोर्टातही तेच म्हणाला, तुरुंगातही. बत्तीचं फक्त मला सांगितलं. मी कुणाला सांगणार होतो?"

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात?" माझ्या मावसभावानं विचारलं.

"चामिल अनवाणी होता. मी होडी काठाला ओढली. उणे बारा थंडी, तळातलं पाणी दगड झालेलं. मागच्या फळीवर त्याचे बूट उभे होते. कोरडे. टाचा जुळवलेले, नाड्या घट्ट बांधलेल्या. मी एकात हात घातला..."

काकांनी उजवा हात गुडघ्यावर पुसला.

"आत ऊब होती. पाय नुकता काढल्यासारखी."