एकही बैठक नाही

गोरक्ष गांगुर्डे डॉक्टर करुणा पगारेंसमोर पहिल्यांदा आला तो दोन मित्रांच्या खांद्यांवर लटकून. गडी ओझरच्या विमान कारखान्यातला फिटर, छाती अशी की शर्टाच्या बटणांनी घाबरावं. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ!

"काय होतंय?" तिने विचारलं.

"ते... म्हणजे..." समोर तरुण पोरगी, तीही टपोऱ्या डोळ्यांची. तिला लघवीचं सांगायचं तरी कसं? शेवटी त्याच्यातला, गोदावरीला गंगाच म्हणणारा नाशिककर कामी आला. "गंगेचं पाणी गढूळ झालंय, मॅडम. पार काळं."

करुणा क्षणभर गोंधळली. मग तिला असं हसू फुटलं, की गळ्यातला स्टेथोस्कोप उगाच सारखा करावा लागला. पण कारण ऐकलं आणि हसू पळालं. वर्षभर तालमीचं तोंड न पाहिलेल्या या बहाद्दराने पैजेवर हजार बैठका मारल्या होत्या!

मग गंगा आटली ती आटलीच. अंगावर सूज चढली. रोज सकाळी करुणा दारातूनच विचारायची, "गंगा?" आणि तो नुसती मान हलवायचा... पण तिच्याकडे बघून हसायचा. एका संध्याकाळी मोठे डॉक्टर म्हणाले, "नाशकात अजून डायलिसिसचं मशीन नाही. उद्या सकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर मुंबईला मशीनवर. वाटेत टिकला तर!" बाहेर त्याची आई नवसाबाई कपाळाला हात लावून बसली.

"नेमकं काय बिघडलंय माझं?" गोरक्षने विचारलं.

"बैठकांनी मांड्यांचे स्नायू फाटले," करुणा म्हणाली. "त्यांतला लाल रंग रक्तात उतरला. त्या रंगात लोह असतं. तो मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन तुंबला, आणि लोहाने आतल्या पेशी जाळल्या."

"म्हणजे फिटरच्याच नळीला गंज?"

"तसंच समजा. पण तुमच्या पाइपांना जे जमत नाही ते हिला जमतं. वाचलेल्या पेशी पसरतात, एकीच्या दोन होतात, नळीला आतून नवं अस्तर घालतात."

"मग घाला म्हणावं लवकर! मॅडम... गंगेला पाणी आलं, तर एक मागीन."

"आधी येऊ तर द्या!" ती फटकन म्हणाली. आणि व्हरांड्यात येऊन तिने डोळे पुसले. अगं बाई, हे काय होऊन बसलं? हा माणूस तिला हवा होता. मुंबईत नाही, फोटोत नाही, इथे, हसताना हवा होता.

सकाळी गाडी दाराशी लागली, स्ट्रेचर आलं, आणि तेवढ्यात वॉर्डातून आरोळी उठली, "मॅडम! गंगेला पाणी आलं!"

शेजारच्या खाटेवरच्या नवऱ्याजवळ बसलेल्या भागुबाईचं गंगेकाठी भाजीचं दुकान. ती ताडकन उठली. "अगं आई गं! धरणाचं पाणी सोडलं? माझी मेथी गेली की!" आणि लुगड्याचा ओचा खोचून ती जी धावली, ती थेट फाटकापर्यंत.

करुणा उलट्या दिशेने धावली. गोरक्षच्या हातात बाटली होती आणि पाणी पिवळं, नितळ! "झाली!" ती सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी ओरडली. नवसाबाईने तिला मिठीच मारली. मुंबईची गाडी रिकामी परत गेली.

घरी जायच्या दिवशी करुणाने आवाज कडक केला. "भरपूर पाणी प्यायचं. आणि यापुढे एकही बैठक नाही."

"एकही?"

"सांगितलं ना! एकही नाही."

"मग माझं मागणं राहिलंच की," तो हळूच म्हणाला. "एक तरी लागेल, मॅडम. माझी आई... तुमचे आईवडील... दोन्हीकडची चार माणसं... लग्नाची बैठक."

तिचे कान लाल झाले. तिने खिडकीबाहेर पाहिलं, नवसाबाईकडे पाहिलं, आणि शेवटी त्याच्याकडे.

"तेवढी चालेल," ती म्हणाली. "पण मांडी घालून बसायचं. आणि सगळं ठरल्याशिवाय उठायचं नाही!"