पंगतराव आणि लाल पाणी

नळ्यांमधलं पाणी लाल झालं होतं.

केतकी शेडच्या दारातच थबकली. आठवड्यापूर्वी हेच पाणी पालकासारखं हिरवंगार होतं. आता मात्र काचेच्या त्या लांबच लांब नळ्यांमध्ये कुणी कोकमाचं सार भरून ठेवलंय, असं वाटत होतं.

ही शेड म्हणजे वासंतीआत्याची प्रयोगशाळा. खाडीकाठच्या खारवली गावात ती सूक्ष्मशैवाल (पाण्यात वाढणारे, नुसत्या डोळ्यांना एकेकटे न दिसणारे जीव) वाढवायची. गावातल्या कोळंबी पाळणाऱ्यांच्या संस्थेला तिच्याकडून एक खास लाल रंग हवा होता. वर्ष होत आलं तरी तो काही मिळेना. शेवटी संस्थेचा धीर सुटला. या महिन्यात रंग दिसला नाही तर शेड बंद, आणि आत्या परत पुण्याला. आत्याशिवाय गाव ही कल्पनाच केतकीला सहन होत नव्हती.

आणि नेमकं आत्या परगावी गेलेली असताना केतकीने काय करावं? आत्याचा यंत्रमानव न विचारता शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेला!

यंत्रमानवाचं नाव पंगतराव. पूर्वी तो मंगल कार्यालयात वाढपी होता. ते कार्यालय बंद पडल्यावर आत्याने त्याला आणलं आणि शैवालांना खाऊ घालायच्या कामाला लावलं. पण सवय कुठली जायला? नळ्यांसमोर उभा राहूनही तो म्हणायचा, "लाजू नका, अजून थोडं घ्या!" शाळेत त्याने आठवडाभर मुलांना जिलेबी वाढली. इकडे नळ्या उपाशी. उपाशी जीव मरून पाणी नासलं, असंच तिला वाटलं.

परगावाहून परतलेली आत्या खांद्यावरची पिशवी न उतरवताच आत आली.

"आत्या, माझ्यामुळे मेले गं सगळे!" केतकीला रडूच फुटलं. "मी पंगतरावाला शाळेत नेलं होतं."

आत्याने नळीतला एक थेंब काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"इकडे ये," आत्या म्हणाली. "बघ तरी."

केतकीने वाकून पाहिलं. डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालबुंद गोळे! पूर्वी इथेच दोन-दोन शेपट्यांचे हिरवे ठिपके सुळसुळ पोहत असायचे.

"जिवंत आहेत?"

"ठणठणीत! फक्त दारं-खिडक्या लावून बसलेत." आत्या मटकन स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. "हे जीव उन्हावर आपलं अन्न तयार करतात. पण वाढायला त्यांना नत्रही लागतं (हवेतला आणि खतातला एक घटक, प्रथिनं बनवायला हवाच). पाण्यात भरपूर नत्र असलं की ते एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतात. नत्र संपलं की वाढ थांबते. ऊन मात्र पडतच राहतं. मग त्या उन्हाचं करायचं काय?"

"त्रास होत असेल त्यांना."

"होतोच. म्हणून ते जाड कवच करतात आणि आत एक लाल रंग साठवतात. त्याचं नाव ॲस्टाझँथिन. आतल्या नाजूक भागांवर ओढलेली छत्रीच म्हण. कोळंबीला हा रंग स्वतः बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळावा लागतो. तळ्यातल्या खाद्यात तो नसतो, म्हणून आपली कोळंबी फिकट."

"म्हणजे आधी पोटभर वाढवायचं आणि मग उपाशी ठेवायचं?"

"अगदी! आधी संख्या, मग रंग." आत्याच्या कपाळाला आठी पडली. "पण केतू, हे मला ठाऊकच होतं गं. मी किती वेळा यांचं खाणं बंद केलं! तरी मेले हिरवेच राहायचे. का, तेच कळेना."

केतकीने हळूच मान वळवली. तिच्यासोबतच शाळेतून परतलेला पंगतराव कोपऱ्यात उभा होता. शाळेने घातलेला झेंडूचा हार अजून त्याच्या गळ्यात होता.

"पंगतराव, आत्याने नको सांगितल्यावरही तू यांना वाढायचास?"

"हो ताई," तो नम्रपणे म्हणाला. "संकोचाने सगळेच नको म्हणतात. आपण आग्रह करायचा. पान रिकामं दिसलं तर घराण्याची नाचक्की होते. बाई जेवायला गेल्या की मी एकेक पळी वाढत होतो."

दोघींना हसू आवरेना. वर्षभर सगळ्या उपकरणांवर संशय घेतला, आणि चोर निघाला हा आतिथ्यशील!

आत्याने संस्थेला फोन लावला. बोलणं संपल्यावर ती केतकीकडे वळली. "उद्या बघायला येतायत. शेड राहतेय. मीही राहतेय." केतकीने तिला घट्ट मिठी मारली. छातीवरचं केवढं ओझं उतरलं होतं!

"आता पुढे काय?" तिने विचारलं.

"पुढेच तर गंमत आहे. पूर्वी शास्त्रज्ञ यांच्यातल्या तेलावर गाड्या चालवायच्या मागे होते. पण तेवढ्यासाठीच वाढवायचं तर फार महाग पडतं. आता विचार असा, की आधी मोलाचा रंग काढायचा, मग तेल, आणि उरलेला चोथा खाद्याला नाहीतर खताला. काही वाया घालवायचं नाही. काही ठिकाणी सांडपाण्यावर शैवाल वाढवून बघतायत, पाणीही थोडं स्वच्छ होतं. ते आपण तुझ्या शाळेच्या सांडपाण्यावर करून बघू."

"आणि पंगतराव?"

आत्याने त्याची पळी काढून घेतली आणि त्याला लाल नळ्यांसमोर नेलं. "या पाहुण्यांचं जेवण झालंय. आता यांना काय म्हणायचं?"

पंगतरावाने रिकामे हात दोनदा पुढे केले, दोनदा मागे घेतले. मग हात जोडून तो नळ्यांपुढे वाकला.

"सावकाश होऊ द्या," तो म्हणाला, आणि काहीही न वाढता मागे सरला.